मर्व्ह आणायचा तसा मासा

आमच्याकडे ट्राउट विकत मिळत नाही. दुकानात कोकरू मिळतं, हरण मिळतं, समुद्रातलं वाटेल ते मिळतं. पण नदीतला ट्राउट विकणं हा गुन्हा आहे आणि विकत घेणं हाही. ज्याला हवा असेल त्याने परवाना काढावा, बर्फासारख्या पाण्यात उभं राहावं आणि स्वतः पकडावा. नाहीतर ज्याने पकडलाय त्याच्याशी गोड बोलून फुकट मिळवावा. हा कायदा कोणी केला ते मला ठाऊक नाही, पण करणाऱ्याची सासू त्याच्या घरात राहत नसावी एवढं नक्की.

माझी राहते. नोलीन. माझे सासरे मर्व्हिन, म्हणजे मर्व्ह, जून महिन्यात गेले आणि त्यांच्यामागून ती देशाच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलला, आमच्याकडे आली. येताना तिने तीनच गोष्टी आणल्या: एक बॅग, एक आरामखुर्ची आणि माशा बांधायचं टेबल. माशा म्हणजे खोट्या. गळावर दोरा, कोंबड्याची पिसं, सशाचे केस गुंडाळून असा किडा करायचा की ट्राउटने खरा समजून गिळावा. लग्न झाल्यापासून सेहेचाळीस वर्षं ती माशा बांधत होती आणि मर्व्ह त्या पाण्यात भिजवत होते. ते टेबल आम्ही जेवणघराच्या खिडकीपाशी मांडलं, गळ घट्ट आवळून धरणारा छोटा लोखंडी शेगडा त्याला लावला, पिसांचे डबे ओळीने ठेवले. नोलीनने सगळं बघितलं, "छान," म्हणाली आणि त्यावर भांडी पुसायचं फडकं पसरलं. ते फडकं ऑक्टोबर उजाडला तरी उचललं गेलं नव्हतं.

ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, कशालाच नाही म्हणत नव्हती. अर्धा टोस्ट खायची आणि खुर्चीत बसायची. जनीन, म्हणजे माझी बायको, रोज आईच्या ताटातला उरलेला अर्धा टोस्ट उचलायची आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. वेळ आम्ही देत होतो, पण तो ती घेत नव्हती.

अशात लेबर वीकएंड, म्हणजे आमच्या वसंतातली कामगार दिनाची शनिवार ते सोमवार सुट्टी, तीन दिवसांवर आला आणि बुधवारी चहा पिता पिता नोलीन एकदम म्हणाली, "मर्व्ह या सुट्टीत आणायचा तसा एक मासा हवा होता."

जनीनच्या हातातला कप तसाच राहिला. चार महिन्यांत तिच्या आईने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

"मी आणतो," मी म्हणालो.

यावर दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. घराण्यात माझी काय ख्याती होती ते सांगितलं पाहिजे. सव्वीस वर्षांपूर्वी मर्व्ह मला एकदा नदीवर घेऊन गेले होते आणि तेव्हापासून दर नाताळच्या जेवणाला, सगळे गप्प झाले की, ते सांगत, "नेव्हिल काठावर उभा राहिला की मासे निश्चिंत होतात." लोक हसत. मीही हसत असे. सव्वीस वर्षं हसणं सोपं नसतं.

"तू?" जनीन म्हणाली.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो. मासेमारीत बुडालेल्या बहुतेक पुरुषांचे शेवटचे शब्द हेच असावेत.

शेजारच्या क्लॅरीला ही बातमी संध्याकाळपर्यंत लागली. क्लॅरी निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली त्याची सवय म्हणून हल्ली सल्ले वाटतो. कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "लेबर वीकएंडला शहाणा माणूस टोमॅटो लावतो बाबा. तू काय मासे धरतोस? माझ्या फ्रीजरमध्ये दोन पडलेत गेल्या मोसमातले. घेऊन जा एक. म्हातारीला काय कळतंय."

आता, कोणताही शहाणा माणूस तो मासा घेऊन घरी गेला असता आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण स्वाभिमान ही फार वाईट गोष्ट आहे. ती ज्यांच्याजवळ कमी असते त्यांनाच तिचा त्रास जास्त होतो.

"मी स्वतः पकडणार आहे," मी म्हणालो.

"बरं," क्लॅरी म्हणाला, "मग निदान काठी कशी फिरवायची ते तरी बघून घे."

मर्व्हची काठी आणि दोरी घेऊन मी मागच्या हिरवळीवर सराव सुरू केला. काठी खांद्यामागे न्यायची, दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे. माझ्याच्याने थांबवत नव्हतं. पहिल्या खेपेला गळ माझ्या टोपीत अडकला, दुसऱ्या खेपेला जनीनच्या वाळत घातलेल्या चादरीत. तिसऱ्या खेपेला दोरी इतकी सुंदर उलगडली की मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि मी पुढे झटका दिला तसं क्लॅरीने तासाभरापूर्वी लावलेलं टोमॅटोचं रोप मुळासकट कुंपणावरून उडून माझ्या पायाशी येऊन पडलं.

"वजनात बसतंय का बघ," क्लॅरी म्हणाला. "लहान असेल तर परत सोडायचं असतं."

त्याच दिवशी त्याने आणखी एक सल्ला दिला आणि तो नेमका मी पाळला. "पकडलास की तिथल्या तिथे पोट साफ कर," तो म्हणाला. "आतली घाण तशीच राहिली तर मांस कडवट होतं. मर्व्ह कधी करायचा नाही. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून सगळा मासा आणायचा आणि नोलीनच्या पुढ्यात टाकायचा. आळशी माणूस." मर्व्हला कोणीतरी आळशी म्हणतंय हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

परवान्याबद्दल मला काळजी नव्हती. मी नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या खिडकीवर बसतो. एकवीस वर्षं मी लोकांचे अर्ज तपासतोय आणि एक सही, एक नकाशा, एक तारीख कमी असेल तर हसतमुखाने परत पाठवतोय. अर्ज कसा भरावा हे मला कोणी शिकवू नये. मी मासेमारीचा परवाना घरबसल्या फोनवर काढला, मोसमभराचा नाही तर एका दिवसाचा. एक मासा, एक दिवस. शनिवारचा.

शनिवारी मटौरा नदीच्या काठी, पायपर्स बेंड नावाच्या तळावर, मी तंबू ठोकायला घेतला आणि दक्षिणेचा वारा सुटला. आमच्या भागात दक्षिणेचा वारा थेट बर्फाच्या खंडावरून येतो आणि वाटेत कुठे थांबत नाही. तंबूची एक बाजू ठोकेपर्यंत दुसरी उपटायची. शेवटी चारी कोपऱ्यांवर मी अनुक्रमे जेवणाची पेटी, गाडीचं चाक, एक दगड आणि स्वतः असे ठेवले. मी कोपऱ्यावर बसलो असल्यामुळे दुपारपर्यंत मासेमारी झाली नाही. दुपारी जनीनने बांधून दिलेले थंड चीज रोल खाऊन मी नदीत उतरलो.

मर्व्हच्या टोपीवर नोलीनने बांधलेल्या आठ माशा टोचलेल्या होत्या. चार वाजेपर्यंत त्यातल्या सात मी काठच्या विलोच्या झाडाला अर्पण केल्या. नदीत एकही गेली नाही. त्या झाडाखाली उभा राहून मी वर बघत होतो. एकेक माशी चिमुकल्या पिसांची, नीट गुंडाळलेल्या दोऱ्याची. कोणीतरी खिडकीपाशी बसून, चष्मा नाकावर सरकवून, जीव ओतून केलेली. मला फार वाईट वाटलं. चार तर मी झाडावर चढून काढल्याही, पण त्या पिंजलेल्या निघाल्या.

रविवारी सकाळी वारा पडला. मी आठवी माशी लावली, मर्व्हचे नदीत घालायचे भारी बूट चढवले आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. अगदी पुस्तकातल्यासारखा दिसत असेन.

"शुभ सकाळ," काठावरून आवाज आला. "परवाना बघू?"

परवाने तपासणारी बाई होती. तिशीची, हसतमुख, हातात वही. मी फोन काढला. तिने बघितला आणि म्हणाली, "हा कालचा आहे."

"काल वारा होता," मी म्हणालो.

"हो, होता खरा. पण परवान्यात वाऱ्याचा रकाना नाही." मग तिने माझ्या पायांकडे बघितलं. "आणि तुमच्या बुटांचे तळवे लोकरी फेल्टचे आहेत का? ते कधीच बंद झालेत. त्या लोकरीत शेवाळ चिकटून एका नदीतून दुसऱ्या नदीत जातं. काढावे लागतील."

मी काठावर बसून बूट काढायला लागलो. तेवढ्यात तिने माझ्याकडे निरखून बघितलं. "तुम्ही नगरपालिकेत खिडकी क्रमांक तीन ना? मी मेरेआना. गेल्या वर्षी घरामागे लाकडी ओटा बांधायच्या परवान्यासाठी आले होते. तीनदा परत पाठवलंत."

"काहीतरी कमी असेल," मी पुटपुटलो.

"तिसऱ्यांदा पायऱ्यांची उंची कमी होती. तारीख शाईने लिहायची ती पेन्सिलने होती, ते दुसऱ्यांदा."

मला वाटलं आता दंड. पण ती म्हणाली, "आत्ता तुमचा गळ पाण्याबाहेर होता, म्हणून मी काही लिहून घेत नाही. आजचा परवाना काढा आणि मग उतरा. इथे फोनला रेंज नाही, त्या टेकडीवर मिळते." आणि जाता जाता वळून म्हणाली, "सगळे रकाने नीट भरा हं." तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. तेच तर लागलं.

टेकडीवर कोणाचे तरी तरुण बैल चरत होते. त्यांनी माझ्याभोवती गोल केला आणि अत्यंत गंभीरपणे माझा अर्ज बघायला लागले. रेंज एक रेघ यायची आणि जायची. जन्मतारीख भरली की पान गळायचं. पत्ता भरला की जन्मतारीख गळायची. एक बैल माझा कोट चाटत होता. एकवीस वर्षांत माझ्या खिडकीसमोरून किती माणसं अशी परत गेली असतील, हा विचार मला त्या टेकडीवर पहिल्यांदा आला. कामाच्या ठिकाणी तो कधी येत नाही, तिथे रांग असते. पाचव्या खेपेला परवाना मिळाला तेव्हा दुपार झाली होती.

पायात घरचे गमबूट घालून मी पुन्हा उतरलो. त्यानंतर संध्याकाळी सहापर्यंत काय झालं ते सांगण्यासारखं काही नाही, कारण काहीच झालं नाही. पण एक गोष्ट सांगतो. तासन्‌तास पाण्याकडे बघत राहिलं की माणूस कोणावर रागावलाय तेच विसरतो. मर्व्ह इथेच उभे राहत असतील, असं मनात आलं. त्यांची आठवण अशी कधी मी काढली नव्हती. ते गेले तेव्हा मी सगळे कागद केले होते, दाखले आणले होते, सह्या घेतल्या होत्या. रडायचं तेवढं राहून गेलं होतं. ते तिथे नदीत थोडं झालं आणि डोळे पुसायला हात वर केला तसा दगडावरून पाय घसरून मी सरळ पाण्यात बसलो.

काठी हातातून सुटली नाही, एवढं मात्र केलं. दोरी सैल झाली आणि आठवी माशी वाहत वाहत विलोच्या मुळांखाली गेली, जिथे मी दोन दिवस नेम धरून ती टाकायचा प्रयत्न करत होतो. आणि काठी वाकली.

तो मासा मी पकडला असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. मी बसलेलो होतो, तो आला. पण बाहेर काढला तो मीच. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, पिवळसर तपकिरी, अंगावर लाल ठिपके. त्याला मारताना माझा हात दोनदा मागे आला. तिसऱ्यांदा मी नोलीनच्या ताटातला अर्धा टोस्ट आठवला.

मग क्लॅरीने सांगितल्याप्रमाणे मी त्याचं पोट साफ केलं, आणि असं केलं की एखाद्या शस्त्रक्रियातज्ज्ञाने पाहत राहावं. आतलं सगळं काढून नदीत टाकणार तेवढ्यात पाटी दिसली: माशांची घाण पाण्यात टाकू नये, बंद डब्यात भरून कचरापेटीत टाकावी. पाटी दिसली की माझे हात आपोआप तिच्याप्रमाणे वागतात. गाडीत आइस्क्रीमचा रिकामा डबा होता, त्यात भरलं. आमच्या देशात आइस्क्रीमचा डबा आइस्क्रीम संपल्यावर खरा कामाला लागतो. पण कोणी आइस्क्रीम समजून उघडू नये म्हणून मी त्यावर कागद चिकटवला आणि शाईच्या पेनने लिहिलं: 'ट्राउट, एक. आतील अवयव. पायपर्स बेंड, वरच्या बाजूचं विलो. रविवार, सव्वीस ऑक्टोबर, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. वारा मंद, पाणी नितळ.' एकवीस वर्षांची नोकरी. तारीख-वेळेशिवाय माझ्या हातून काही सुटत नाही. डबा पेटीत टाकला आणि सोमवारी सकाळी, राजासारखा, घरी आलो.

मासा मी स्टीलच्या ताटात, लिंबाच्या फोडी मांडून, नोलीनपुढे ठेवला. जनीन दाराशी उभी होती. नोलीनने चष्मा चढवला, खुर्चीत पुढे सरकली, आणि चार महिन्यांत न दिसलेलं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं. तिने बोटाने माशाच्या पोटाची कड उचलून आत बघितलं.

"हा रिकामा आहे," ती म्हणाली.

"मी स्वच्छ केला," मी म्हणालो. "अगदी मणक्यापर्यंत."

"हो, दिसतंय. फार नीट केलायस." आणि ती परत मागे टेकून बसली. जे आलं होतं ते चेहऱ्यावरून निघून गेलं. मी स्वतः बघितलं जाताना.

"आई," जनीन म्हणाली, "काय झालं? हाच ना हवा होता?"

नोलीनने बॅगेकडे बोट दाखवलं. जनीनने त्यातून निळ्या पुठ्ठ्याची एक वही काढली. प्रत्येक पानावर एक साल आणि खाली नोलीनच्या अक्षरात यादी. तपकिरी अळी, नऊ. करड्या पंखांची, दोन. गोगलगाय, एक. शेजारी पेन्सिलने काढलेली छोटी छोटी चित्रं.

"मासा मला कधी नकोच होता," नोलीन म्हणाली. "ट्राउट मला आवडतही नाही. चिखलासारखा लागतो. मर्व्ह आणायचा म्हणून खायचे. मला त्याचं पोट हवं असायचं. ते बशीत पाण्यात उघडायचं, म्हणजे कळतं नदीत यंदा काय आहे, तो काय खातोय. तेवढ्यावर मी वर्षभराच्या माशा बांधायचे. मी कधी नदीवर गेले नाही रे. मुलं होती, गाई होत्या. मग तो मोसमातला पहिला मासा तसाच आणायचा. मला दाखवायला."

ज्याला आम्ही आळस म्हणालो, त्यामागे सेहेचाळीस वर्षं हे होतं. क्लॅरी म्हणाला होता, आणि मला बरं वाटलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"बिनपोटाचं मी काय बांधू?" नोलीन म्हणाली. "अंदाजाने नाही जमत मला. असू दे. तू चांगल्या मनाने केलंस." मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "नदीत टाकलंस ना? ईल मासे ते लगेच खातात."

"नाही," मी म्हणालो. "तिथे पाटी होती. मी डब्यात भरून कचरापेटीत टाकलं."

"मग आज कचऱ्याची गाडी नेईल," जनीन म्हणाली.

"आज सोमवार, सुट्टी," मी म्हणालो. "सुट्टीच्या दिवशी गाडी जात नाही. ते वेळापत्रक आमच्याच कचेरीतून निघतं."

नोलीन उठली. चार महिने आम्ही तिला खुर्चीतून हात धरून उठवत होतो. "जनीन, माझी पांढरी बशी घे," ती म्हणाली. "नेव्हिल, गाडी काढ."

पायपर्स बेंडला पोचलो तेव्हा तळ उठत होता. लोक तंबू गुंडाळत होते आणि जो तो जाता जाता पेटीत काहीतरी टाकून जात होता. मी ती लोखंडी पेटी उघडली. आत आइस्क्रीमचे डबे होते. एक नाही, दोन नाही, नुसते डबेच डबे. सगळ्या देशाने त्या सुट्टीत त्याच डब्यांतून जेवण आणलं होतं. मी कमरेपर्यंत आत वाकलो. पहिल्या डब्यात कोबी निघाला. दुसऱ्यात कोणाचा तरी ओल्या मोज्यांचा जोड. तिसरा उघडल्यावर मी काही क्षण देवाचं नाव घेतलं.

"काही हरवलंय का?" मागून आवाज आला.

मी पेटीतून डोकं बाहेर काढलं. मेरेआना होती. माझ्या कानावर कोबी होता असं जनीन नंतर म्हणाली.

"माझा डबा आहे आत," मी जमेल तेवढ्या सभ्यपणे म्हणालो.

"कसा दिसतो?"

"त्यावर कागद आहे. तारीख, वेळ, ठिकाण."

"वाऱ्याचाही रकाना आहे?"

"आहे," मी म्हणालो.

ती हसली. मग तिची नजर बाकावर बसलेल्या नोलीनवर गेली. मांडीवर पांढरी बशी, पाठ ताठ, डोळे पेटीवर. मेरेआनाने पुढे काही विचारलं नाही. गाडीतून हातमोज्यांचे दोन जोड आणले, एक मला दिला, एक स्वतः चढवला. "तुम्ही डावीकडून," ती म्हणाली.

एकोणिसावा डबा माझा निघाला. मी तो दोन्ही हातांनी नोलीनपुढे नेऊन ठेवला. तिने झाकण लगेच उघडलं नाही. आधी चिठ्ठी वाचली. एकदा वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"मर्व्ह वेळ कधीच लिहायचा नाही," ती म्हणाली. "सेहेचाळीस वर्षं मी त्याला सांगत होते, वेळ लिही, वारा लिही, त्याशिवाय नुसते किडे बघून काय कळणार. म्हणायचा, संध्याकाळ होती बाई, आणखी काय." आणि तिने माझ्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांत त्या घरातल्या कोणी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं.

मी नदीकडे बघायला लागलो.

मग झाकण काढून, बशीत पाणी ओतून तिने पोट उघडलं आणि चमच्याने एकेक किडा वेगळा केला. वास होता, पण कोणी नाक मुरडलं नाही, मेरेआनाही नाही. "ही बघ अळी. तपकिरी. चौदा... पंधरा. आणि ही पंख फुटता फुटता गिळलेली. तू कोणती माशी लावली होतीस?"

"मोठी करडी. शेवटची तीच उरली होती."

"मग त्याने ती घ्यायलाच नको होती," नोलीन म्हणाली. "त्याचं सगळं लक्ष या छोट्यांवर होतं. मूर्ख होता बिचारा." ती बशी बाकावर ठेवून उठली आणि पाण्याच्या कडेला गेली. तिथे ती बराच वेळ उभी राहिली. जनीन तिच्याजवळ जायला निघाली तर मी हात धरला. पुढे जाण्याआधी थांबायचं असतं, हे एव्हाना मला थोडं कळलं होतं. नोलीनने वाकून एक दगड उलटा केला, त्याच्या खालच्या बाजूवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "इथेच असतात की सगळ्या अळ्या. मी उगाच त्याची वाट बघायचे."

मग ती रडली. जूनमध्ये जे राहिलं होतं ते तिथे झालं. जनीन तिच्याजवळ गेली आणि मी आणि मेरेआनाने पेटीत बाकीचे अठरा डबे परत भरले, पाटीप्रमाणे.

परत निघताना मी मेरेआनाला म्हणालो, तुमच्या ओट्याचं पुढे काय झालं? ती म्हणाली, चौथ्यांदा यायचा कंटाळा आला. मी म्हणालो, मंगळवारी या, पायऱ्या आपण दोघं मिळून मोजू. खिडकी क्रमांक तीनवरून असं वाक्य एकवीस वर्षांत गेलं नव्हतं.

मासा क्लॅरीला दिला. तो म्हणाला, आता माझ्या फ्रीजरमध्ये तीन झाले, आणि माझा टोमॅटो कुठाय. नोलीनने गाडीतच दोन चीज रोल खाल्ले होते. घरी आल्यावर तिने कोट न काढता टेबलावरचं फडकं उचललं, चार घड्या केल्या आणि ओट्यावर ठेवलं. आमच्याकडे त्या दिवसांत साडेसातपर्यंत चांगला उजेड असतो. ती खिडकीपाशी बसली, बशी डाव्या हाताला, माझी चिठ्ठी उजव्या हाताला, वही मध्ये. शेगड्यात एवढासा गळ लावला. मी चहा घेऊन गेलो तेव्हा तिच्या बोटांत तपकिरी दोरा होता आणि मान वर न करता ती म्हणाली, "पुढच्या वर्षी परवाना तीन दिवसांचा काढ. आणि दोघांचा काढ."